एसओपी सुरू करा तिथून, जिथे तुमचं काम अडलं

प्रश्न थोडक्यात असा. विद्यार्थी नाशिकचा, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिका अशा तिन्हीकडे एमएससाठी अर्ज करायचे आहेत. सीजीपीए ७.९, दुसऱ्या वर्षी एम-थ्रीचा (इंजिनीअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) एक बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, तो पुढच्या प्रयत्नात सुटला. सीनियरचा एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे अर्जासोबत द्यायचं हेतूचं निवेदन) हाताशी आहे, 'त्याला ॲडमिट मिळाली, मग तोच थोडा बदलून चालेल का?' शिवाय बॅकलॉगचा उल्लेख करावा की गप्प बसावं, आणि सुरुवात कशी करावी.

सीनियरच्या एसओपीचं आधी मिटवून टाकतो. वाचा, मांडणी कशी आहे ते बघा आणि बाजूला ठेवा. त्याला ॲडमिट एसओपीमुळे मिळाली की मार्कांमुळे, ते त्यालाही माहीत नसतं. तुमच्याच कॉलेजच्या चार जणांनी त्याच सीनियरच्या सांगाड्यावर त्याच विद्यापीठाला अर्ज केले, तर ते एकाच टेबलावर येतात. इंग्लंडमधल्या पदवीच्या अर्जांसाठी यूकॅसकडे (तिथली प्रवेश-अर्ज घेणारी केंद्रीय संस्था) तर जुन्या निवेदनांशी ताडून पाहणारी संगणकीय यंत्रणाच आहे आणि साम्य आढळलं तर विद्यापीठाला कळवलं जातं. पकडले जाण्यापेक्षा मोठा तोटा वेगळाच आहे: दुसऱ्याच्या सांगाड्यात तुमचं काम बसत नाही, मग बसवण्यासाठी ते कापलं जातं आणि कापला जातो तो नेमका तुमचा भाग.

आता मुख्य गोष्ट. अर्ज वाचणाऱ्याला दोनच अंदाज बांधायचे असतात: हा मुलगा किंवा मुलगी इथे आल्यावर हा अभ्यास पेलेल का, आणि इथे येण्याचं याला खरंच कारण आहे का. हुशारीचे पुरावे मार्कशीटमध्ये आहेत, कामांची यादी सीव्हीत आहे, स्वभावाबद्दल शिफारसपत्रं बोलतील. एसओपीचं काम उरतं ते असं: तुम्ही एखादं काम करत करत कुठपर्यंत पोचलात, नेमकं कुठे अडलात, आणि ती अडचण सोडवायला हा कोर्स का लागतो. आपल्याकडे मुलं अडलेली जागा लपवतात, कारण परीक्षेत तसंच शिकवलेलं असतं. एसओपीत ती जागाच सगळ्यात मोलाची. जो माणूस आपल्याला काय येत नाही हे नेमक्या शब्दांत सांगू शकतो, त्याने विषयात हात घातलेला असतो. नुसतं पुस्तक वाचलेल्याला ते सांगता येत नाही.

एक उदाहरण जवळून बघू. पहिला मसुदा साधारण असा येतो:

'मला लहानपणापासून यंत्रांची प्रचंड आवड आहे. थर्मोडायनॅमिक्स हा माझा आवडता विषय. शेवटच्या वर्षी आम्ही कोल्ड स्टोरेजवर एक नावीन्यपूर्ण प्रकल्प केला. त्यातून मला टीमवर्क आणि नेतृत्वगुण शिकायला मिळाले.'

यातल्या प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारा: माझ्या डिव्हिजनमधल्या साठ जणांपैकी किती जण हे वाक्य जसंच्या तसं लिहू शकतील? इथे उत्तर जवळजवळ साठ. म्हणजे चार वाक्यांत तुमच्याबद्दल काहीच सांगितलं गेलेलं नाही. आता तोच प्रकल्प (आकडे नमुन्यापुरते कल्पित आहेत, तुमचे तुमच्या वहीतून घ्या):

'प्रीकूलिंग चेंबरमध्ये ठेवलेल्या द्राक्षाच्या सगळ्या पेट्या सारख्याच वेळात थंड होतात, असं आम्ही धरून चाललो होतो. दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये पेट्यांत आठ सेन्सर ठेवले, चार थप्पीच्या कडेला आणि चार मधोमध. मण्यांचं तापमान २४ अंशांवरून ३ अंशांवर यायला कडेच्या पेट्यांना सहा तास लागले, मधल्यांना साडेआठ. सेन्सर चुकत असतील असं वाटून त्यांची अदलाबदल करून पुन्हा मोजलं, फरक तसाच राहिला. शेजारच्या पेट्यांची भोकं एकमेकांसमोर येत नव्हती, त्यामुळे हवा आत शिरण्याऐवजी थप्पीच्या बाजूने निघून जात होती. पेट्या भोकासमोर भोक येईल अशा रचल्यावर फरक एका तासावर आला. पण भोकं किती मोठी आणि कुठे असावीत, हे गणिताने ठरवणं आम्हाला जमलं नाही. त्यासाठी सच्छिद्र माध्यमातल्या प्रवाहाचा अभ्यास लागतो आणि तो आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.'

'आवड', 'नेतृत्व', 'मेहनती' यांतला एकही शब्द यात नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. सेन्सरची अदलाबदल करणाऱ्या माणसाला आपल्याच मोजमापावर शंका घेता येते, हा संशोधकाचा गुण झाला. २४ वरून ३ हा आकडाही उगाच आलेला नाही. चेंबरमधली हवा शून्य अंश असेल, तर २४ चे १२, १२ चे ६ आणि ६ चे ३, असा मणी आणि हवा यांच्या तापमानातला फरक तीनदा निम्मा होतो. म्हणजे सुरुवातीच्या फरकाचा सात-अष्टमांश भाग निघून जातो, आणि प्रीकूलिंगचा वेळ मोजायची हीच रूढ पद्धत आहे. रेफ्रिजरेशनचा प्राध्यापक हा आकडा बघून ओळखतो की याने विषय वाचलाय. असा एक आकडा दहा विशेषणांचं काम करतो. आणि शेवटचं वाक्य बघा: तिथे काम अडलं आणि तिथूनच 'हा कोर्स का' याचा परिच्छेद आपोआप सुरू होतो. जोडकाम करावं लागत नाही.

एक खबरदारी. प्रोजेक्ट चौघांचा असतो. 'आम्ही' लिहा, पण तुमचा वाटा एका वाक्यात वेगळा काढा: सेन्सर मी बसवले आणि नोंदीचा कोड मी लिहिला, थप्पीच्या मांडणीचे प्रयोग दोन सहकाऱ्यांनी केले. सगळं स्वतःच्या नावावर घेतलं आणि ग्रुपमधल्या दुसऱ्यानेही तिथेच अर्ज केला, तर दोघंही अडचणीत येतात.

आणि प्रोजेक्ट रेडिमेड आणलेला असेल तर? असतो अनेकांचा, लाजत बसू नका, पण त्याच्यावर एसओपी उभारू नका. इंटरव्ह्यूत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडाल. त्यापेक्षा हीट ट्रान्सफर लॅबमधला पिन-फिनचा साधा प्रयोग घ्या. मोजलेलं तापमान सूत्राशी जुळलं नाही, कारण स्थिर अवस्था यायच्या आतच रीडिंग घेतलं, हे तुमचं तुम्ही शोधून काढलं असेल तर तेवढ्यावर चांगला परिच्छेद होतो. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत केलेल्या दोन आठवड्यांच्या ट्रेनिंगचंही तसंच. 'उद्योगाचा अनुभव मिळाला' हे वाक्य फुकट जातं. एकच मशीन, एकच पार्ट, रिजेक्शन कशामुळे येत होतं आणि ते कसं तपासलं, एवढं लिहा. कॉम्प्युटरवाल्यांच्या फेस रेकग्निशन अटेंडन्सचीही हीच कथा: हा प्रोजेक्ट प्रत्येक वर्गात दोन-तीन ग्रुप करतात, म्हणून तो करणं विशेष नाही. खिडकीकडच्या बाकांवरचे चेहरे का ओळखले जात नव्हते, त्यावर काय करून पाहिलं आणि त्यातलं काय फसलं, हे विशेष आहे.

सुरुवातीबद्दल विचारलंय. सुरुवात शेवटी लिहा. आधी वरच्यासारखा प्रकल्पाचा परिच्छेद तयार करा आणि त्याचीच पहिली दोन वाक्यं उचलून वर ठेवता येतात का ते पाहा, बहुतेक वेळा येतात. थोरामोठ्यांची वचनं नकोत, शब्दकोशातल्या व्याख्या नकोत, आणि प्रभू रामचंद्रांच्या पावन पंचवटीपासूनही नको. नाशिकचा उल्लेख कामाला लागत असेल तर जरूर करा. द्राक्षं इथली आहेत, पॅकहाऊस इथलं आहे, ते आलंच पाहिजे. पण बाहेरच्या वाचकाला लागेल तेवढंच सांगा: मुंबईपासून सुमारे १७० किलोमीटरवरचा, निर्यातीची द्राक्षं पिकवणारा जिल्हा. बस्स.

लांबी जिथे दिली आहे तिथे ती पाळा. दिलेली नसेल तर एमएससाठी ८५० ते १००० शब्द पुरतात. त्यांची वाटणी साधारण अशी करा: सुरुवातीला ८० ते १००, मुख्य कामाला २५० ते ३००, त्याला पूरक विषय आणि वाचनाला १५०, दुसऱ्या एखाद्या अनुभवाला १००-१२०, 'हाच कोर्स का' याला २०० आणि पुढच्या योजनेला ८० ते १००. मुलं उलटं करतात. बालपण आणि दहावी-बारावीचे टक्के तीनशे शब्द खातात आणि कोर्सच्या वाट्याला शेवटच्या चार ओळी येतात.

'हाच कोर्स का' इथे बहुतेक एसओपी कोसळतात. 'आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठातल्या अनुभवी प्राध्यापकवर्गाकडून' वगैरे त्यांना माहीत आहे, त्यांचीच वेबसाइट त्यांना वाचून दाखवू नका. जर्मनीसाठी त्या कोर्सचं मॉड्यूल हँडबुक काढा. बहुतेक विद्यापीठांच्या साइटवर ती पीडीएफ मिळते आणि त्यात प्रत्येक विषयाचं नाव, क्रेडिट आणि आत काय शिकवतात ते दिलेलं असतं. कागदावर तीन रकाने आखा: माझं काम कुठे अडलं, कोणता मॉड्यूल तिथून पुढे नेतो, त्या मॉड्यूलला लागणारं काय मी आधीच शिकलोय. तिसरा रकाना मुलं विसरतात, आणि जर्मन विद्यापीठांना तोच हवा असतो, कारण तिथे तुमचे पदवीचे विषय त्यांच्या अटींशी क्रेडिटने जुळवून पाहिले जातात. जुळणारे दोन-तीन मॉड्यूल नावाने लिहा. आठ लिहिले की यादी होते.

अमेरिकेसाठी प्राध्यापकांची नावं घालायची की नाही, ते कोर्सवर अवलंबून आहे. थीसिस असलेला एमएस किंवा पीएचडी असेल तर दोन नावं घाला, तीन म्हणजे फार झाली. प्रत्येकाचा अलीकडचा एक तरी पेपर उघडून त्यातल्या आकृत्या आणि पद्धत समजून घ्या आणि तो माणूस निवृत्त झालेला नाही ना, हे त्याच्या पानावर तपासा. फक्त कोर्सवर्कचा एमएस असेल तर नावांनी फार काही होत नाही, तिथे विषय आणि लॅबवर बोला. काही अमेरिकी विद्यापीठं दोन वेगळे निबंध मागतात: एक अभ्यासाच्या हेतूचा, दुसरा तुमच्या वैयक्तिक वाटचालीचा. घरची शेती, पहिल्या पिढीचं शिक्षण, येवल्याहून रोजचा प्रवास, हे दुसऱ्यात येतं. पहिल्यात ते तेव्हाच येऊ द्या जेव्हा त्याने कामाला दिशा दिली असेल. वडिलांची बाग आहे म्हणून पॅकहाऊसवाल्यांनी आत येऊ दिलं, हे कारण आहे. वडील शेतकरी आहेत, नुसतं एवढंच लिहिलं तर ती सहानुभूतीची विनंती होते, आणि तसं वाचलंही जातं.

बॅकलॉग लिहा, पण दोन वाक्यांत. मार्कशीटवर तो दिसणारच आहे. तुम्ही गप्प राहिलात तर कारण वाचणारा स्वतः ठरवेल. पहिल्या वाक्यात खरं कारण, दुसऱ्यात पुढे काय झालं: 'तिसऱ्या सेमिस्टरला मी गणिताचा पाया कच्चा असताना सूत्रं पाठ करून परीक्षेला बसलो आणि नापास झालो. पुढच्या प्रयत्नात डिफरन्शियल इक्वेशन्स पुन्हा मुळापासून केल्या, आणि सहाव्या सेमिस्टरला त्याच गणितावर उभ्या असलेल्या हीट ट्रान्सफरमध्ये मला चांगली ग्रेड मिळाली.' 'अपरिहार्य वैयक्तिक कारणांमुळे' असं मोघम लिहिलंत तर संशय वाढतो. आजारपण किंवा घरातली दुर्घटना असेल तर एका वाक्यात, तारखेसह, आणि पुढे चला. एटीकेटी, टर्मवर्क, ओरल हे शब्द मात्र तसेच ठेवू नका, बाहेर ते कुणाला कळत नाहीत. पदवी मिळवली या अर्थी आपण सर्रास 'पास्ड आउट' लिहितो, त्याचा तिकडे अर्थ बेशुद्ध पडलो असा होतो. लाख-कोटी मोडून शून्यांत लिहा. 'अंडर द एबल गायडन्स ऑफ' आणि 'युअर एस्टीम्ड युनिव्हर्सिटी' हे शोधून शोधून काढा.

भाषेवरून आणखी एक. पहिला कच्चा मसुदा मराठीत लिहा, वहीत, हाताने लिहिलात तर उत्तम. इंग्रजीत बसलं की हात आपोआप 'सिन्स माय चाइल्डहूड' कडे वळतो, कारण तयार वाक्यं डोक्यात इंग्रजीतच साठलेली असतात. मराठीत 'मला यंत्रांविषयी उत्कट ओढ आहे' लिहायला तुमचीच जीभ रेटत नाही, म्हणून आपोआप खरं लिहिलं जातं. मात्र नंतर त्याचं वाक्याला वाक्य भाषांतर करू नका. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यांचं कर्त्याच्या मागोमाग. भाषांतर केलं की चाळीस शब्दांची लोंबकळणारी वाक्यं तयार होतात. वही मिटा आणि तीच गोष्ट इंग्रजीत नव्याने सांगा, 'मोजलं', 'बदललं', 'तपासलं' अशी साधी क्रियापदं वापरून. एआयकडून स्पेलिंग आणि व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही, विद्यापीठाचे नियम तेवढे आधी वाचा. परिच्छेद 'सुधारून' मागितलात, तर तुम्ही कष्टाने काढलेली विशेषणं ते परत घालून देतं.

पुढच्या योजनेत देशसेवेच्या शपथा नकोत. कोणत्या प्रकारच्या कामात, कोणत्या प्रश्नावर, एवढं पुरे: निर्यातीच्या पॅकहाऊससाठी शीतसाखळीची रचना, किंवा त्यातच पुढे संशोधन. परत येणार की नाही, हा प्रश्न विद्यापीठाचा नसून व्हिसाचा आहे आणि व्हिसाचं निवेदन वेगळं असतं. त्यात पैसे कुठून येणार, हाच देश का, इथे तुमचं काय आहे, हे विचारतात. ऑस्ट्रेलियाने तर मार्च २०२४ पासून जुनं जीटीई निवेदन (आपण खरोखर तात्पुरते, शिकायलाच येतोय हे पटवणारं) बंद करून ठरावीक प्रश्न ठेवले आहेत, प्रत्येकाचं उत्तर १५० शब्दांत. दोन्हींची खिचडी केलेले एसओपी दोन्हीकडे कच्चे ठरतात.

घरात कुणी बारावीला असेल तर त्यांच्यासाठी एवढंच. यूकॅसचं सलग निवेदन २०२६ च्या प्रवेशापासून गेलं. आता तीन प्रश्न आहेत: हा विषय का, शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून ४००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तराला किमान ३५०. निवेदन एकच आणि ते पाचही पसंतींना जातं, म्हणून त्यात विद्यापीठाचं नाव घालू नये. अमेरिकेच्या कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जाचा) निबंध २५० ते ६५० शब्दांचा. तिथे विषयापेक्षा माणूस बघतात, त्यामुळे वर सांगितलेली मापं तिथे लावू नका.

वेळापत्रकाकडे लक्ष द्या. अमेरिकेच्या बऱ्याच मुदती डिसेंबरच्या मध्यापासून सुरू होतात आणि आपल्या एंड-सेम आणि ओरल नेमक्या नोव्हेंबर-डिसेंबरात येतात. म्हणून मराठी मसुदा गणपती उठायच्या आत, इंग्रजी मसुदा दसऱ्याला आणि शेवटचा हात दिवाळीच्या सुट्टीत, असा हिशेब ठेवा. शिफारसपत्रासाठी सरांना दसऱ्याआधी भेटा आणि त्यांना तुमचा मसुदा द्या, म्हणजे तुम्ही सेन्सरबद्दल लिहिलेलं असताना ते नुसत्या हजेरीबद्दल लिहिणार नाहीत. जर्मनीच्या हिवाळी सत्राला जास्त अवधी मिळतो. अनेक ठिकाणी मुदत १५ जुलै असते, काही कोर्सची बरीच आधी संपते. भारतीय विद्यार्थ्यांना लागणारं एपीएस प्रमाणपत्र (तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलेलं) यायला मात्र आठवडे जातात, त्याचा अर्ज एसओपी लिहून व्हायची वाट न पाहता करून टाका.

मसुदा दोघांना वाचायला द्या, सात जणांना नको, सात जण सात दिशांना ओढतात. एक विषयाचे सर, चुका काढायला. दुसरं माणूस विषय न कळणारं, आत्या किंवा मामा चालतील. त्यांना मसुदा मराठीत वाचून दाखवा आणि तासाभराने विचारा, मी काय केलं होतं? 'द्राक्षाच्या मधल्या पेट्या उशिरा गार होत होत्या, ते तू शोधलंस, पण भोकं कुठे पाडायची ते तुला काढता आलं नाही' असं उत्तर आलं तर मसुदा तयार आहे. 'तू खूप मेहनत घेतलीस' असं आलं तर मधला परिच्छेद पुन्हा लिहायला घ्या.

फॉर्ममध्ये मजकूर पेस्ट केल्यावर अंशाचं चिन्ह आणि अवतरणचिन्हं बिघडतात, प्रिव्ह्यूत तपासा. आणि फाइलचं नाव, वरचा मायना, शेवटचा परिच्छेद, या तिन्ही ठिकाणी विद्यापीठाचं नाव एकच आहे ना, ते पाठवायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.